साथीचा रुग्ण आणि समाजाचा आधार



साथीचा रोग आला की शासन, वैद्यक आणि समाज या सर्वांचे लक्ष प्रथम रोगजंतूकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. रुग्णास इतरांपासून दूर ठेवणे हा जुना व आजही आवश्यक असा उपाय होय. परंतु ज्याला दूर ठेवले त्याचे मन कशाच्या आधारावर तग धरते, हा विचार पुष्कळदा मागे पडतो. त्याचे परिणाम रुग्णाला तर भोगावे लागतातच, शिवाय साथ आटोक्यात आणण्याचे कामही अवघड होऊन बसते.

मुंबईच्या इतिहासात याचा बोलका दाखला आहे. १८९६ साली तेथे प्लेग पसरला आणि रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्यात येऊ लागले. तेथे गेलेला माणूस आप्तांना पुन्हा दिसत नाही, अशी दहशत वस्त्यावस्त्यांतून पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लोक रुग्णांना घरातच लपवू लागले. पुढे निरनिराळ्या समाजांनी आपापली रुग्णालये उघडली. तेथे नातलगांना जवळ बसता येई, ओळखीच्या हातचे अन्न मिळे. प्लेगवर हमखास गुणकारी औषध तेव्हा कोठेच नव्हते. तरीही या रुग्णालयांविषयी लोकांची भीती पुष्कळ कमी झाली. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णसेवा आरंभिली आणि त्या सेवेतच प्लेगची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले.

मार्च २०२० मध्ये पुण्यात राज्यातील पहिले कोविड रुग्ण आढळले, तेव्हा वैद्यकशास्त्र फार पुढे गेलेले होते. पण एकाकी खाटेवरील माणसाची व्यथा फारशी बदललेली नव्हती. भोवती वावरणाऱ्यांचे चेहरे झाकलेले, शेजारची खाट एकाएकी रिकामी झालेली, आणि आपल्यामुळे घरातील वृद्धांना बाधा झाली असेल काय, ही टोचणी. बरे होऊन परतणाऱ्या कित्येकांना शेजाऱ्यांच्या बंद दारांचा अनुभव आला. 'सामाजिक अंतर' हा शब्दप्रयोगही दुर्दैवीच म्हणावा लागेल. राखावयाचे होते ते शारीरिक अंतर. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच तसा बदल सुचविला, पण तोवर जुना शब्द रुळून गेला होता. साथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार व नैराश्य यांचे जगातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे याच संघटनेने २०२२ मध्ये नमूद केले.

सामाजिक आधार म्हणजे केवळ धीराचे दोन शब्द नव्हेत. दाराशी ठेवलेला जेवणाचा डबा, औषधे आणून देणारा शेजारी, प्रकृतीची खरी माहिती सांगणारा डॉक्टर, हे सर्व त्यात येते. अभ्यासकांना एक गोष्ट वारंवार आढळून आली आहे. प्रत्यक्ष किती मदत मिळाली, यापेक्षा गरज पडल्यास कोणीतरी धावून येईल हा भरवसा मनाला अधिक सावरतो. म्हणूनच अतिदक्षता विभागातील परिचारिका रुग्णासमोर फोन धरून घरच्यांचे चेहरे दाखवीत, ती गोष्ट उपचाराइतकीच मोलाची होती.

मात्र असे आधार एखाद्या परिचारिकेच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. रुग्ण दाखल होताना चष्मा, कानाचे यंत्र, फोन आणि त्याचा चार्जर सोबत आहे की नाही हे पाहणे, दररोज ठराविक वेळी घरच्यांना प्रकृती कळविण्याचे काम एका नेमक्या व्यक्तीकडे सोपविणे, यांस खर्च फारसा येत नाही. गावी वा वस्तीत परतलेल्या रुग्णाकडे आशा सेविकेबरोबर सरपंच किंवा गृहनिर्माण संस्थेचा एखादा पदाधिकारी गेला, तर शेजाऱ्यांचा संकोच लवकर ओसरतो. घरी आल्यावरही झोप न येणे, दचकून उठणे, कामात मन न लागणे अशा तक्रारी काही आठवडे टिकल्या, तर तो मनाचा दुबळेपणा समजू नये. त्यावर उपचार आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू असून, १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतूनही, बोलता येते. रुग्णाला घरी सोडताना देण्यात येणाऱ्या कागदावर औषधांच्या यादीखाली हा क्रमांक ठळकपणे लिहून द्यावा.