पँथर कुणाचा?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय आहे हॉलीवूडच्या सुपरहीरोंचा. कुणी म्हणेल, वस्तीत नळाला पाणी नाही, शिष्यवृत्त्या वर्ष वर्ष रखडतात, आणि हा बाबा सिनेमावर काय बोलतोय? पण आत्ता इथं बसलेल्या पोरापोरींच्या छातीवर काय छापलंय ते बघा. कुणाच्या छातीवर ढाल, कुणाच्या वटवाघूळ, मागच्या रांगेत दोघांच्या काळा पँथर. जे आपण अंगावर वागवतो त्याच्यावर बोलायचं नाही तर कशावर बोलायचं?

हल्ली तुम्हीच सांगता, काय राव, मार्व्हलमध्ये पूर्वीची मजा नाही. २०१९ साली 'एन्डगेम' लागला तेव्हा थिएटरात शिट्ट्यांनी कान फुटायची वेळ. नंतर एकामागून एक आपटत गेले. २०२३ चा 'द मार्व्हल्स' तर असा पडला की जगभरातून वीस कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमला. त्या मालिकेतला तो नीचांक. २०२५ चा 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' बघताना पोरं अर्ध्यातच मोबाईल काढून बसली होती.

पांढरपेशे समीक्षक याची कारणं देतात. सिनेमे फार झाले, एक समजायला आधीचे दहा बघावे लागतात, ग्राफिक्स कच्चं असतं. कारणं खोटी नाहीत. डिस्नेनं २००९ साली मार्व्हल कंपनी चार अब्ज डॉलरला विकत घेतली. मग २०१९ साली घरबसल्या बघायचं स्वतःचं दुकान उघडलं, आणि त्या दुकानाला माल पुरवायचा म्हणून रतीब लावला. रतीब वाढला की दुधात पाणी येणारच. पण हे झालं गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं. माझं भांडण वेगळं आहे. हे सिनेमे चांगले होते तेव्हाच आपल्याला फसवत होते, आणि जो सगळ्यात चांगला होता त्यानं सगळ्यात जास्त फसवलं.

२०१८ साल आठवा. १ जानेवारीला भीमा कोरेगावात आपल्या लोकांवर दगड पडले. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. मग वस्त्यांमधून रात्रीबेरात्री कोंबिंग ऑपरेशन, पोरं उचलली, केसेस लागल्या. आणि १६ फेब्रुवारीला 'ब्लॅक पँथर' थिएटरला लागला. डोक्यावर कोर्टाची तारीख घेऊन फिरणारी पोरं तो सिनेमा बघायला गेली. का जाणार नाहीत? पडद्यावर काळ्या माणसांचं राज्य, कुणी कुणापुढं वाकत नाही, राजाची बहीण देशातली सगळ्यात हुशार शास्त्रज्ञ, बायका सेनापती. आपल्याला जन्मभर पडद्यावर नोकर, गुंड नाहीतर बिचारा एवढंच दाखवलेलं. ते बघून ऊर भरून आला यात खोटं काहीच नाही. दिग्दर्शक रायन कूगलर गुणी माणूस आहे, रूथ कार्टरच्या कपड्यांना ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. पण ऊर भरून आला तेवढ्यात खिशातून काय गेलं ते बघू.

या नावाचा इतिहास ऐका. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ब्लॅक पँथर नावाचा आफ्रिकी राजा १९६६ च्या मध्यावर कॉमिकमध्ये आणला. त्याच साली ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंड गावात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. पार्टीनं नाव कॉमिकातून घेतलेलं नाही. अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत काळ्या मतदारांनी जी संघटना बांधली होती तिचं चिन्ह काळा पँथर होतं, तिथून ते ओकलंडला गेलं. पार्टीची पोरं बंदूक आणि कायद्याचं पुस्तक दोन्ही घेऊन पोलिसांच्या गाडीमागं फिरायची. १९६९ पासून वस्तीतल्या पोरांना शाळेच्या आधी फुकट नाष्टा द्यायला लागली. सरकारला तो नाष्टा बंदुकीइतकाच झोंबला. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टनला त्याच्या बिछान्यात ठार केलं. वय एकवीस. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्यानं पुरवलेला.

अशा वेळी मार्व्हल काय करतं? १९७२ च्या सुरुवातीला 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या एका अंकात आपल्या राजाचं नावच बदलून टाकतं. ब्लॅक पँथर नको, ब्लॅक लेपर्ड म्हणा. आणि कारण राजाच्याच तोंडून वदवतं, की तुमच्या देशात त्या नावाला राजकारण चिकटलंय. जनावर तेच, कातडं तेच, फक्त हाक बदलली. साल लक्षात ठेवा, १९७२. न्यूयॉर्कच्या कंपनीला जे नाव जड झालं तेच नाव त्याच साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही विशी-तिशीतली माणसं आपण होऊन खांद्यावर घेत होती. इथंही त्याची किंमत मोजावी लागली. १० जानेवारी १९७४ च्या मोर्चात भागवत जाधव वरून टाकलेल्या दगडानं गेला. कंपनीला कुठं काय मोजावं लागलं? लेपर्ड चालेना म्हणून तिनं थोड्याच दिवसांत गुपचूप पँथर परत लावला. आणि २०१८ साली त्याच नावावर एक अब्ज तीस कोटी डॉलरपेक्षा जास्त कमावले.

आता त्या सिनेमाची गोष्ट नीट बघा. तो सुरुवातीलाच आपल्याला नेतो कुठं? ओकलंडमध्ये. साल १९९२. म्हणजे पार्टीचं गाव त्यांना ठाऊक आहे, मुद्दाम तिथं जातात. तिथं राजाचा भाऊ राहतोय. तो म्हणतो, आपल्याकडं एवढी शस्त्रं, एवढं ज्ञान, आणि जगभर आपली माणसं मरताहेत, त्यांना देऊया. राजा त्याला मारतो. त्याचं लहान पोर तिथंच टाकून निघून जातो. ते पोर मोठं होतं, किलमाँगर होतं, आणि बापाचं म्हणणं घेऊन परत येतं. अख्ख्या सिनेमात खरं बोलणारा माणूस हाच. मग त्याचं काय करतात? त्याला स्वतःच्या मैत्रिणीला गोळी घालायला लावतात. म्हाताऱ्या बाईचा गळा धरायला लावतात. म्हणजे तुम्ही-आम्ही थिएटरात बसून म्हणावं, मुद्दा बरोबर आहे रे, पण माणूस नालायक.

आणि त्याची शस्त्रं जगातल्या दबलेल्या माणसांपर्यंत जाऊ नयेत म्हणून विमानं पाडतो कोण? सीआयएचा गोरा अधिकारी. तो या गोष्टीतला चांगला माणूस! ज्या सीआयएनं १९६० साली काँगोच्या लुमुंबाला मारायचा कट केला, ती आफ्रिकेच्या राजाची दोस्त. शेवटी किलमाँगर मरतो आणि राजा ओकलंडमध्ये इमारती विकत घेऊन समाजकेंद्र काढतो. ज्या गावातल्या पोरांनी स्वतःच्या हिमतीवर नाष्टा शिजवला, त्यांना राजाकडून देणगी. समाजमंदिर बांधून मतं मागणारे आमदार आपण कमी बघितलेत का?

ही युक्ती एकदा ओळखलीत की सगळीकडं दिसेल. २०२१ च्या 'फाल्कन अँड द विंटर सोल्जर' मालिकेत निर्वासितांची बाजू घेणारी एक पोरगी आहे. तिचं म्हणणं पटायला लागतं तेवढ्यात तिच्या हातून माणसं कोंडलेली इमारत उडवतात. २०२२ च्या 'वाकांडा फॉरेव्हर'मध्ये तर कमालच. स्पॅनिश गोऱ्यांच्या जाचातून पळून समुद्राखाली वसलेले मेक्सिकोकडचे मूळनिवासी एका बाजूला, आफ्रिकेचे काळे दुसऱ्या बाजूला. दोघांच्या धातूवर डोळा अमेरिका-फ्रान्सचा. आणि दोन अडीच तास मारामारी कुणाची? या दोघांची एकमेकांशी. पोटजातीच्या नावानं आपल्यातच कोण कुणाला झुंजवतं, ते इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

त्याच २०२१ च्या मालिकेत इसाया ब्रॅडली नावाचा म्हातारा आहे. काळा सैनिक. सरकारनं त्याच्यावर औषधाचे प्रयोग केले, वर तीस वर्षं कैदेत ठेवलं. त्याला शेवटी न्याय काय मिळतो? संग्रहालयात पुतळा. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये तोच म्हातारा पुन्हा तुरुंगात जातो आणि शेवटी सुटतो. आणि काळा कॅप्टन अमेरिका करतो काय? लाल राक्षस झालेल्या राष्ट्राध्यक्षाला समजावून शांत करतो. व्हाइट हाउस मोडलेलं, आणि आपला माणूस मालकाचा राग निवतोय! हा सिनेमा कंटाळवाणा का झाला याचं उत्तर ग्राफिक्समध्ये शोधू नका. किलमाँगरमध्ये निदान चोरलेला का होईना, खरा राग होता. इथं तोही उरलेला नाही.

पैशाचं आणि अपयशाचं गणितही बघा. 'द मार्व्हल्स' दिग्दर्शित करणारी निया डाकोस्टा. मार्व्हलचा सिनेमा हातात मिळालेली पहिली काळी बाई. सिनेमा पडल्यावर डिस्नेचे तेव्हाचे मुख्य अधिकारी बॉब आयगर यांनी जाहीर मुलाखतीत सांगितलं की सेटवर वरिष्ठांची देखरेख कमी पडली. वा रे वा! तीस-बत्तीस सिनेमांचा कारखाना चालवणारे तुम्ही, गोष्ट कुठं जाणार ते आधी ठरवणारे तुम्ही, आणि बोट कुणाच्या सेटकडं? यश आलं की कंपनीचं, राखीव जागेवरून आलेला चुकला की तो जातीचा. पोरींनो, नोकरीला लागाल तेव्हा हे वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकाल.

आणि हे सिनेमे बनवतं कोण? नट दिसतात. पण हीरो उडतो, इमारत पडते, ती कुठं पाडतात? पुष्कळदा इथं. मुंबई, बंगळूर, चेन्नई, हैदराबादच्या स्टुडिओंत आपल्यातली पोरं रोटोचं काम करतात. रोटो म्हणजे चित्रातल्या माणसाची कड कापून काढायची, हाताने, फ्रेममागून फ्रेम. एका सेकंदाला चोवीस फ्रेम. केस उडताहेत, कपडा फडफडतोय, प्रत्येक कड वेगळी. क्लास लावून, कर्ज काढून हे शिकायचं, रात्रपाळ्या करायच्या, आणि शेवटी नावांच्या लांबलचक यादीत नाव येईलच याची खात्री नाही. अमेरिकेत २०२३ साली मार्व्हलच्या ग्राफिक्सवाल्यांनी एकमतानं युनियनच्या बाजूनं मतदान केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही जुनी मोठी कंपनी कोसळली, तेव्हा बंगळूर-मुंबईत हजारो माणसं एका फटक्यात घरी बसली. त्यांच्यासाठी कुठला ॲव्हेंजर आला? गिरणी कामगाराची नातवंडं आहेत ती. मॉलमधल्या पडद्यावर स्वतःच कापलेली कड बघायला तिकीट काढतात.

आपल्याकडचे शेठ लोकही मागं नाहीत. २०२२ ला 'ब्रह्मास्त्र', २०२४ ला 'कल्की २८९८'. साचा मार्व्हलचा, मसाला पुराणाचा. आठशे-हजार वर्षं पुढं गेलो तरी वाचवायला अवतारच येणार. इथं एवढंच बोलतो, याच्यावर एक वेगळं भाषण होईल.

तर मग आपण बघायचं तरी काय, असं विचाराल. 'ब्लॅक पँथर' आला त्याच २०१८ साली जूनमध्ये पा. रंजितचा 'काला' आला. धारावीतली गोष्ट. त्याच्या जीपचा नंबर आठवतो का? बीआर १९५६. जमीन द्यायची नाही एवढंच त्या माणसाचं म्हणणं, आणि शेवटी तो एकटा उरतच नाही, अख्ख्या वस्तीचा चेहरा त्याचा होतो. रजनीकांत आहे, गाणी आहेत, लांबलाय, सगळं खरं. पण त्यात बरोबर बोलणाऱ्याला खलनायक केलेलं नाही.

आणि तिकडं अमेरिकेत? 'ब्लॅक पँथर'मध्ये किलमाँगरच्या बाजूला जाणारा सरदार आठवतो? तो डॅनियल कलुया. त्यानंच २०२१ साली 'जुडास अँड द ब्लॅक मसाया'मध्ये फ्रेड हॅम्प्टन केला आणि ऑस्कर घेतलं. निर्मात्यांत रायन कूगलरचं नाव आहे. तोच माणूस. कंपनीच्या सिनेमात जे सांगता आलं नाही ते बाहेर येऊन सांगावं लागलं. खर्च मार्व्हलच्या मानानं चिल्लर, कोरोनाचे दिवस, गल्ला तर मार्व्हलच्या पासंगालाही पुरला नाही. पण त्यात नाष्ट्याची रांग आहे, खबऱ्या आहे, आणि पहाटेचा तो बिछाना आहे. पुढं २०२५ साली कूगलरनं 'सिनर्स' काढला, तेव्हा करारातच लिहून घेतलं की पंचवीस वर्षांनी सिनेमाची मालकी माझ्याकडं परत येईल. कोटी कोटी कमावून दिल्यावर त्याला जे कळलं ते या एका कलमात आहे.

पुढच्या बैठकीत 'जुडास' दाखवायचं ठरलंय. प्रोजेक्टर मिळालाय, पडदा म्हणून पांढरी चादर कुणीतरी आणा, दोन जोडून शिवलेली असली तर उत्तम. मध्येमध्ये थांबवून ज्याला इंग्रजी कळतं त्यानं बाकीच्यांना सांगायचं. आता ज्यांना माझ्याशी भांडायचंय त्यांनी भांडा, मागच्या रांगेतल्या दोघांपासून सुरू करा.

जय भीम.