मुखशुद्धी आणि दंतपरीक्षा



सद्भक्तहो, मठाच्या वर्धापनमहोत्सवात दातांचा विषय निघावा, हे कित्येकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु आह्निकाचा क्रम पाहिला, तर यात विचित्र असे काहीच नाही. शौचानंतर आणि स्नानसंध्येच्या आधी दंतधावन सांगितले आहे. ज्या मुखाने नाम घ्यावयाचे, मंत्र म्हणावयाचे, तीर्थप्रसाद ग्रहण करावयाचा, ते मुख प्रथम शुद्ध असले पाहिजे, ही त्यामागील साधी दृष्टी होय. पाणिनीय शिक्षेत वर्णांची जी आठ स्थाने गणिली आहेत, त्यांत दंत हे एक आहे. तवर्ग, लकार आणि सकार दातांवाचून शुद्ध उमटत नाहीत. वकारासही दात आणि ओठ दोन्ही लागतात. पुढचे दोन दात गेलेल्या वैदिकाच्या तोंडून पुरुषसूक्त ऐकले म्हणजे सकाराची काय दशा होते, हे श्रोत्यांच्या कानांस सांगावे लागत नाही. शिक्षाग्रंथांत विद्यार्थ्याने प्रातःकाळी कोणत्या काष्ठाने दात घासावे याचा विचार आढळतो, तो उगाच नव्हे.

दात घासणे ही इंग्रजी अंमलाबरोबर आलेली रीत आहे, असा एक समज अद्यापि कोठे कोठे दिसतो. तो निराधार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दंतपवन दिवसातून दोन वेळा करावे असे सांगितले आहे. आजचे दंतवैद्यही दोनच वेळा सांगतात. सुश्रुताने काष्ठाचे मापही दिले आहे: 12 अंगुळे लांब, करंगळीइतके जाड, सरळ आणि गाठी नसलेले. कडूंमध्ये निंब, तुरटांमध्ये खदिर, तिखटांमध्ये करंज आणि गोडांमध्ये मधुक श्रेष्ठ, असा त्याचा अभिप्राय आहे. टोक चावून मऊ कुंचला करावा, एकेक दात निराळा घासावा आणि हिरडीस इजा होऊ देऊ नये. शेवटची अट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे तुसाची राखुंडी, कोळशाची पूड किंवा जाडे मीठ घेऊन बोटाने कचाकच घासण्याची जी जुनी सवय होती, तिने दात पांढरे दिसत. परंतु वरचे कठीण कवच झिजत जाई, आणि ते एकदा झिजले की पुन्हा येत नाही. कोकणात व गोव्यात आंब्याचे पान वापरीत, ते त्या मानाने सौम्य.

येथे एक धर्मशास्त्रीय शंका पुष्कळ वेळा निघते. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या, उपवासाचा दिवस, श्राद्धाचा दिवस यांसारख्या प्रसंगी दंतकाष्ठ निषिद्ध सांगितले आहे. मग त्या दिवशी दात घासावे की नाही? श्रद्धाळू माणसे अशा दिवशी नुसती चूळ भरून उठतात. परंतु वचनांचा अर्थ नीट पाहावा. निषेध काष्ठाचा आहे, शुद्धीचा नाही. म्हणूनच काष्ठ न मिळाल्यास अथवा निषिद्ध दिवस असल्यास 12 चुळा भरून मुखशुद्धी करावी, असा पर्याय तेथेच दिला आहे. जर मुखशुद्धीच नको असती, तर पर्याय सांगण्याचे कारण काय? कुंचला काष्ठ नव्हे. तेव्हा त्या दिवशी तो वापरण्यास बाधा दिसत नाही. शिवाय उपवासाच्या दिवशी लाळ कमी सुटते, तोंड सुकते, आणि फराळास खजूर व राजगिऱ्याचे लाडू असे दातांना चिकटून बसणारे पदार्थ असतात. त्या दिवशी शुद्धीची गरज उलट अधिकच असते.

आता मुख्य विषयाकडे वळावयाचे. दात घासणे हे प्रत्येकाचे स्वतःचे कर्म. पण त्याने सर्व काही साधते काय? सुश्रुताचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. त्याने मुखाचे 65 रोग सांगितले. त्यांपैकी दंतमूळांचे, म्हणजे हिरड्यांचे, 15 आणि दातांचे 8. हिरड्यांतून अकारण रक्त येणे, त्या मऊ व दुर्गंधियुक्त होणे, याला त्याने ‘शीताद’ म्हटले. दातांवर मळ साचून खड्यासारखा घट्ट होतो, त्याला ‘दंतशर्करा’ हे नाव दिले. आणि या दंतशर्करेवर त्याने चूर्ण किंवा लेप सांगितला नाही, तर हिरड्यांना न दुखविता वैद्याने ती शस्त्राने काढावी, असे सांगितले. काढल्यावर लाक्षाचूर्ण मधात कालवून चोळावे. त्याच्या 20 शस्त्रांत ‘दंतशंकु’ नावाचे एक शस्त्र आहे, ते याच कामाचे. म्हणजे दंतवैद्याकडे जाऊन दात स्वच्छ करवून घेणे ही परकी गोष्ट मुळीच नव्हे. सुश्रुत वाचणाऱ्यांनी तरी तिला नाक मुरडू नये.

ही शर्करा होते कशी, हे आज अधिक स्पष्टपणे ठाऊक आहे. घासलेल्या दातावर थोड्याच वेळात सूक्ष्म जंतूंचा एक चिकट थर बसू लागतो. तो रोज निघाला तर ठीक. राहून गेला तर लाळेतील क्षार त्यात उतरतात आणि त्याचा दगड बनतो. मग कुंचला कितीही फिरवला तरी तो निघत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठावर नवा थर बसतो, हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि कालांतराने दाताला धरून ठेवणारे हाडच झडू लागते. यात बहुधा वेदना नसते, हीच मोठी फसवणूक होय. ‘दात साफ करून घेतले की ते सैल होतात’ ही तक्रार पुष्कळांच्या तोंडी असते. वस्तुतः दात आधीच सैल झालेला असतो. शर्करेने भिंतीतल्या चुन्याप्रमाणे त्याला तात्पुरते धरून ठेवलेले असते. ती निघाली की खरी स्थिती उघडी पडते. याचा दोष साफ करणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

किडीचे तसेच. आपल्याकडे ‘कृमिदंत’ हा शब्द आहे आणि रस्त्यावर बसून दातांतला किडा काढून दाखविणारे भोंदूही होते. असा किडा दातात नसतो. हॉलंडमधील डेल्फ्टचा लेवेनहुक याने 1683 मध्ये स्वतःच्या दातांवरील मळ भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्यात हालचाल करणारे अतिसूक्ष्म जीव दिसले. पुढे 1890 मध्ये मिलर या संशोधकाने दाखविले की, मुखातील जंतू साखर व पिष्ट पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताला विरघळविते. तेव्हा गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे अधिक पाहावे लागते. महाप्रसादात जेवणाबरोबर मणगणे खाल्ले, त्याने फारसे बिघडत नाही. पण उत्सवाच्या दिवसांत पेढा, साखरफुटाणे, पंचखाद्य असे दिवसभर थोडेथोडे तोंडात टाकीत राहिले, तर मुखातील आम्ल निवळण्यास अवसरच मिळत नाही. प्रसाद नाकारावा असे कोणी म्हणणार नाही. तो ग्रहण करून पाण्याने चूळ भरावी.

कीड कवचात असेपर्यंत दुखत नाही. ती आतल्या मज्जेजवळ पोचली म्हणजे ठणका सुरू होतो, आणि तेव्हा माणूस दंतवैद्याकडे धाव घेतो. जे काम आधी थोडक्यात झाले असते, त्याला मग मोठा उपचार लागतो, किंवा दात काढावा लागतो. नियमित परीक्षेचे सारे प्रयोजन या एका गोष्टीत आहे: दुखण्याच्या आधी रोग दिसावा.

दात काढण्यासंबंधी आणखी एक भीती आहे. वरचा दात काढला की डोळा जातो, असे वडीलधारी मंडळी सांगतात. ही केवळ बायाबापड्यांची समजूत म्हणून हसण्यावारी नेणे बरोबर नाही. तिचे मूळ सुश्रुतातच सापडते. वरचा घट्ट दात मुळासकट उपटल्यास अतिरक्तस्रावाने घोर विकार होतात, मनुष्य एका डोळ्याने आंधळा होतो किंवा त्यास अर्दित होतो. यास्तव वरचा दात हलत असला तरी वैद्याने काढू नये, असा त्याचा इशारा आहे. ज्या काळी बधिर करण्याचे औषध नव्हते, रक्त थांबविण्याची व शस्त्रे निर्जंतुक करण्याची आजची साधने नव्हती, त्या काळी हा सावधपणा शहाणपणाचाच म्हणावा लागेल. परंतु दातांकडे जाणारी नाडी आणि दृष्टीची नाडी या दोन भिन्न आहेत, आणि आज योग्य रीतीने काढलेल्या दाताने दृष्टी जात नाही. उलट वरच्या दाताच्या मुळाशी साचलेला पू तसाच ठेवणे हेच अधिक धोक्याचे. ऋषींचा आदर करावयाचा तो त्यांच्या हेतूसह करावा.

मुखाचा रोग मुखातच राहत नाही, हाही अनुभव आहे. मधुमेह आणि हिरड्यांचा विकार यांचे नाते दुहेरी आहे: मधुमेहाने हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे रक्तातील साखर आवरणे कठीण होते. हिरड्यांवर उपचार केल्यास साखर काहीशी उतरते, असे आढळले आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वांत अधिक, म्हणजे 26.4 टक्के, निघाले. गोमंतकीय भक्तमंडळींनी हा आकडा मनावर घ्यावा. ज्याला मधुमेह आहे, त्याने डोळे आणि पाय तपासून घेण्याबरोबर हिरड्याही दाखवाव्यात. तद्वतच मुखातील जंतू रक्तात शिरून हृदयाच्या आतील अस्तरावर आणि झडपांवर बसू शकतात. ज्यांना कृत्रिम झडप बसविली आहे किंवा हा विकार पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी दंतवैद्यास ते आधीच सांगणे अगत्याचे. हिरड्या बिघडलेल्या लोकांत हृदयविकाराचे प्रमाणही अधिक दिसते; मात्र एक दुसऱ्याचे कारण आहे असे अद्याप सिद्ध झालेले नाही. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीत मुखातील घाण श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि घरची माणसे तोंड पुसण्याकडे दुर्लक्ष करतात, ही गोष्ट मात्र कळकळीने सांगण्याजोगी आहे.

आता विड्याविषयी. येथे शास्त्राचा शब्द झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चरकाने मुखशुद्धीसाठी तोंडात धरावयाच्या पदार्थांत जायफळ, लवंग, कंकोळ यांच्यासह सुपारीही सांगितली आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी, मग ती तंबाखूवाचून खाल्लेली का असेना, कर्करोगकारक ठरविली. हा निर्णय 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. सतत सुपारी चघळणाऱ्याच्या गालांच्या आतील त्वचा ताठरते, तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर त्याने त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठावा. देवापुढे विडा ठेवणे निराळे आणि गालात गोळी धरून दिवस काढणे निराळे. मशेरीची गोष्ट तर याहून वाईट. भाजलेली तंबाखू दातांना लावून तिला ‘दात घासणे’ म्हणावयाचे, आणि घरातील स्त्रियांनी दुपारी घटकाभर ती घेऊन बसावयाचे, हा प्रकार पुष्कळ कुटुंबांत चालत आला आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी केली. परंतु घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडविणार? ते काम घरच्यांनाच करावे लागेल. दंतवैद्य तोंड तपासतो तेव्हा केवळ दात पाहत नाही; जीभ, गाल, टाळू, जिभेखालची जागा हेही पाहतो. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा त्याच्या दृष्टीस लवकर पडतो, आणि अशा वेळी लवकर कळणे म्हणजे पुष्कळदा जीव वाचणे होय.

पाठशाळेतील बटूंचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. आठव्या वर्षी मुंज होऊन मुलगा गुरुगृही येतो, तेव्हा त्याच्या तोंडात कायमच्या दाढा आलेल्या असतात. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या सर्व दातांच्या मागे, कोणताही दात न पडता उगवते. म्हणून आईबाप तिला दुधाची समजतात आणि किडली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून सोडून देतात. ती पुन्हा येत नाही. घरी आई तोंडात डोकावून पाहते. येथे ते कोणी पाहावे? अध्ययन सुरू होताना आणि पुढे वर्षातून निदान एकदा प्रत्येक बटूचे दात दंतवैद्याकडून पाहून घेण्याची व्यवस्था मठाने केली, तर तिचा खर्च एका संध्याकाळच्या आतषबाजीइतकाही होणार नाही. रात्री निजण्यापूर्वी दात घासणे हे सायंसंध्येइतकेच नेमाचे करावे, कारण निद्रेत लाळ कमी सुटते. मंजनात फ्लोराइड असावे; मात्र नळगोंड्यासारख्या भागांतील पाण्यातच ते प्रमाणाबाहेर असल्याने दातांवर डाग पडतात, तेथील भक्तांनी दंतवैद्यास विचारूनच मंजन निवडावे.

परीक्षा किती दिवसांनी करावी? ‘सहा महिन्यांनी’ हे उत्तर सर्वतोमुखी आहे, पण ते काही श्रुतिवचन नव्हे. इंग्लंडमधील आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने 2004 मध्ये जे मार्गदर्शन केले, त्यात प्रौढांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंतर ठेवले आणि मुलांसाठी एका वर्षाहून अधिक नको म्हटले. ज्याची जशी प्रकृती तसा अवधी. हे आयुर्वेदाच्या दृष्टीस धरूनच आहे. मधुमेही, तंबाखू-सुपारी खाणारे, गर्भवती स्त्रिया आणि ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येते, त्यांनी लवकर लवकर जावे. निरोगी मनुष्याने दंतवैद्य सांगेल तेव्हा जावे. ज्यांचे सर्व दात गेले आहेत, त्यांनाही यातून सुटका नाही. कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवावी. ती सैल होऊन हिरडीस घासू लागली की बदलून घ्यावी. आणि वर्षातून एकदा कवळी काढून रिकामे तोंड दंतवैद्यास दाखवावे.