चला, विद्यापीठाच्या आवारात



दिवाळीची सुट्टी संपली की विद्यापीठांमध्ये दुसरं सत्र सुरू होतं. वर्ग, प्रात्यक्षिकं, परीक्षेचे अर्ज ही धांदल असतेच; पण त्याच सुमारास सूचनाफलकांवर व्याख्यानांच्या, नाट्यप्रयोगांच्या, गाण्याच्या बैठकींच्या, शिबिरांच्या पत्रिकाही लागू लागतात. डिसेंबर ते एप्रिल हा महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा बहराचा काळ. यातल्या कितीतरी कार्यक्रमांना तिकीट नसतं आणि बाहेरच्या माणसाला मज्जावही नसतो. तरीही शहरातला माणूस फाटकावरूनच पुढे निघून जातो. आत चाललंय ते प्राध्यापकांचं आणि विद्यार्थ्यांचं, आपलं तिथे काय काम, असं त्याला वाटतं. त्याचं काम तिथे आहे, आणि भरपूर आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं गणेशखिंडीतलं आवार मध्यभागी ठेवून येत्या महिन्यांचं हे पंचांग उलगडून पाहू.

गणेशखिंडीचं फाटक एके काळी खरोखरच सामान्य माणसासाठी नव्हतं. आज विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून ओळखली जाणारी वास्तू १८६४ ते १८७१ या काळात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाठी बांधली गेली. वास्तुरचनाकार जेम्स ट्रबशॉ. पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्काम इथे असे. २२ जून १८९७ च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच बंगल्यात झाला. निमंत्रित पाहुणे परतत असताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. पुणं प्लेगनं आणि प्लेगच्या नावाखाली झालेल्या झडत्यांनी होरपळलेलं होतं आणि वरच्या बंगल्यात मेजवानी सुरू होती.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरचा बंगला विद्यापीठाचा झाला. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. निमंत्रणाशिवाय जिथे पाऊल ठेवता येत नव्हतं, ते चारशेहून अधिक एकरांचं आवार आज मुलींची शाळा चालवणाऱ्या शिक्षिकेच्या नावानं ओळखलं जातं.

म्हणूनच पंचांगाची सुरुवात ३ जानेवारीपासून करायची. हा सावित्रीबाईंचा जन्मदिवस. १८३१ साली त्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावला जन्मल्या आणि १८४८ मध्ये जोतिरावांसोबत पुण्यात भिडे वाड्यातल्या शाळेत शिकवू लागल्या. विद्यापीठात त्यांच्याच नावाचं स्त्री अभ्यास केंद्र १९८७ पासून काम करतं आहे. जानेवारीत राज्यभर महाविद्यालयांमधून या निमित्तानं व्याख्यानं, एकपात्री प्रयोग, ग्रंथप्रदर्शनं होतात. शिकणाऱ्या लेकीला घेऊन आई-आजीनं जावं असा हा दिवस आहे.

पुढची तारीख १४ जानेवारी, आणि तिच्यासाठी पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला जायला हवं. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ रोजी केला. तो अमलात यायला सोळा वर्षं लागली. मोर्चे निघाले, दंगली झाल्या, घरं जळाली, माणसं जिवानिशी गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मराठवाड्यातून आणि बाहेरून लोक जमतात. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, निळे झेंडे, कडेवरची पोरं. कमानीपुढे हात जोडून माणसं पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतात. त्यांतल्या अनेकांनी विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधीच चढलेली नसते. पण हे विद्यापीठ आपलं आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नसते.

आता व्याख्यानांकडे वळू. महाराष्ट्राला व्याख्यान ऐकायची सवय जुनी. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. विद्यापीठांनी हीच परंपरा आपल्या पद्धतीनं चालवली आणि त्यासाठी एक वेगळी व्यवस्था उभी केली, ती म्हणजे बहिःशाल शिक्षण मंडळ. जे शाळा-महाविद्यालयाच्या चौकटीबाहेर आहेत, त्यांच्यापर्यंत विद्यापीठानं जायचं, असा त्यामागचा विचार. पुणे विद्यापीठाच्या या मंडळाची व्याख्यानमाला पहिल्या कुलगुरूंच्या, म्हणजे डॉ. जयकर यांच्या नावानं चालते. व्याख्यात्यांची यादी मंडळ तयार करतं, महाविद्यालयातला केंद्र कार्यवाह त्यातून वक्ते आणि विषय निवडतो आणि दोन-तीन दिवसांची माला लागते. विषय पाणलोटापासून संतसाहित्यापर्यंत आणि ग्राहक हक्कांपासून आहारापर्यंत काहीही असू शकतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या श्रोत्यांनी जवळच्या महाविद्यालयात एवढंच विचारावं : यंदा बहिःशालची व्याख्यानं केव्हा आहेत?

गावात विद्यापीठ येतं त्याचा आणखी एक मार्ग म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, सगळ्यांच्या तोंडी असलेली एनएसएस. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास काम करायचं आणि दोन वर्षांत सात दिवसांचं एक निवासी शिबिर करायचं. महाविद्यालयांच्या भाषेत हे श्रमसंस्कार शिबिर. हिवाळ्यात ही शिबिरं दत्तक गावांत भरतात. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, म्हणजे वनराई बंधारा, रस्त्याची डागडुजी किंवा शाळेच्या भिंतींची रंगरंगोटी, दुपारी बौद्धिक, रात्री मंदिराच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या पटांगणात सांस्कृतिक कार्यक्रम. कुदळ न धरलेल्या हाताला दुसऱ्या दिवशी फोड येतात आणि गावातली एखादी मावशी मुठीची पकड कशी असावी ते दाखवते. रात्रीच्या कार्यक्रमाला गाव लोटतं आणि पथनाट्यात शिबिरार्थींसोबत गावची पोरंही उभी राहतात. अशा गावांतल्या श्रोत्यांनी शिबिरातल्या मुलांना नुसतं जेवायला बोलावून थांबू नये. बंधारा कुठे घालायला हवा, हे गावालाच नेमकं माहीत असतं, आणि ते शिबिराच्या पहिल्या दिवशी सांगितलं तर सात दिवसांचं काम सार्थकी लागतं.

कलांच्या बाबतीत पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र हे खास ठिकाण. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्राच्या नावालाच गुरुकुल हा शब्द जोडलेला आहे. संगीत, नृत्य आणि नाट्य या तिन्ही कलांत गुरूकडची तालीम आणि विद्यापीठाची पदवी यांची सांगड इथे घातली गेली. ‘महानिर्वाण’ आणि ‘बेगम बर्वे’ लिहिणारे सतीश आळेकर १९९६ ते २००९ या काळात केंद्राचे संचालक होते. इथले विद्यार्थी वर्षभर जे शिकतात, ते सत्राच्या शेवटाकडे प्रेक्षकांपुढे मांडतात. नाटकाच्या विद्यार्थ्याला परीक्षक जेवढा लागतो तेवढाच प्रेक्षकही लागतो. अनोळखी माणूस कुठे हसला, कुठे चुळबुळला, हे रंगमंचावर उभं राहूनच कळतं. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या प्रयोगाला जाणारा रसिक कोणावर उपकार करत नाही आणि फुकटही काही घेत नाही. तो त्या शिक्षणाचा भाग असतो.

युवक महोत्सवाचंही तसंच. प्रत्येक विद्यापीठ आपल्या महाविद्यालयांचा महोत्सव भरवतं, त्यातून निवडलेला संघ राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवात उतरतो. समूहगान, लोकनृत्य, वक्तृत्व, रांगोळी, मातीकाम, व्यंगचित्र, एकांकिका असा मोठा पसारा. त्यातलं मूकनाट्य अगदी जवळून पाहण्यासारखं असतं. सहा कलावंत, पाच मिनिटं, एकही शब्द नाही. चेहऱ्याला पांढरा रंग, भुवया काळ्या, अंगात काळे कपडे. रंगमंच रिकामा असतो. पण सहा जण एका लयीत हेलकावे देऊ लागतात आणि समोर खचाखच भरलेली एसटी उभी राहते. पुढच्या क्षणी तेच सहा देह भिंत होतात, मग झाड, मग कुऱ्हाड. वेळ संपल्याची घंटा झाल्यावर गुण जातात, म्हणून हे सगळं हातावरच्या घड्याळाबरहुकूम बसवलेलं असतं. एसटी स्टँडवर, कॉलेजच्या व्हरांड्यात महिनोन्महिने घोटलेली ती पाच मिनिटं असतात.

फेब्रुवारीचा शेवट मात्र दुहेरी पर्वणीचा. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. १९२८ साली याच तारखेला चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विखुरण्याविषयीचा आपला शोध जाहीर केला आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सत्तावीसला कवितावाचन आणि ग्रंथदिंडी, अठ्ठावीसला प्रयोगशाळा आणि दुर्बिणी.

हे दोन्ही दिवस ज्यांच्या कामात एकत्र आले ते डॉ. जयंत नारळीकर. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. मराठीत विज्ञानकथा लिहिणारा हा शास्त्रज्ञ पुढे नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. मुलं स्वाक्षरी मागायला येत, तेव्हा नारळीकर त्यांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली माझी सही मिळेल. २० मे २०२५ रोजी ते गेले. पण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान ठेवण्याचा आयुकाचा परिपाठ त्यांच्याच दृष्टीतून आलेला. पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून इथे मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमिती शिकवणारे अरविंद गुप्ता याच शोधिकेत अनेक वर्षं खेळणी घडवत होते.

विज्ञान दिनाला आयुका नागरिकांसाठी खुली होते. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या त्या वास्तूत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत आणि फूकोचा लंबकही आहे. या लंबकापाशी थोडा वेळ थांबायला हवं. उंचावरून टांगलेला जड गोळा संथपणे झुलत असतो. झुलण्याची दिशा हळूहळू फिरताना दिसते, कारण त्याच्याखालची जमीन, म्हणजे आपली पृथ्वी, फिरते आहे. ध्रुवावर ही फेरी सुमारे एका दिवसात पूर्ण होते, विषुववृत्तावर होतच नाही. पुणं साडेअठरा अंश अक्षांशावर, त्यामुळे इथे पूर्ण फेरीला सुमारे पंचाहत्तर तास लागतात. तासाभरात पाच अंशांहून थोडा कमी फरक. पृथ्वी फिरते हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. इथे ती फिरताना दिसते.

ज्यांना पुण्यापेक्षा नारायणगाव जवळ आहे, त्यांच्यासाठी खोडदची जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, जुन्नर परिसरातल्या शेतांमध्ये विखुरलेल्या आहेत. या दुर्बिणीचा कारभार पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरए या संस्थेकडून चालतो. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला मोठं प्रदर्शन भरतं आणि आसपासच्या शाळांची मुलं आपापली उपकरणं घेऊन येतात. कांद्याच्या वाफ्यापलीकडे उभी असलेली ती अजस्र जाळी नेमकं काय ऐकते, हे तिथल्या शास्त्रज्ञांनाच विचारता येतं.

एप्रिलमध्ये परीक्षा जवळ आल्यावर समारंभ ओसरतात. एक उपक्रम मात्र याच दिवसांतला आहे आणि त्यात ना मंच ना माइक. डॉ. आंबेडकर जयंतीच्या सुमारास अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यास केला जातो. सकाळी सहाला विद्यार्थी बसतात ते रात्री बारापर्यंत. बाबासाहेबांच्या व्यासंगाला वाहिलेलं हे अभिवादन. कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतं, कोणी प्रबंध लिहितं, कोणी पहिल्यांदाच एक अख्खं पुस्तक एका बैठकीत संपवतं.

आता हे सगळं कळणार कसं? वर्तमानपत्रातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर रोज नजरेखालून घालावं. विद्यापीठांच्या आणि आयुकाच्या संकेतस्थळांवर सूचना येतात. पुण्यात विद्यापीठाचंच ‘विद्यावाणी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र १०७.४ मेगाहर्ट्‌झवर ऐकता येतं. फाटकावर कोणी विचारलं तर कार्यक्रमाचं नाव आणि सभागृह सांगावं. ओळखपत्र जवळ असलेलं बरं. पत्रिकेवर ‘सर्वांसाठी खुला’ असं लिहिलं असेल तर ते आपल्यासाठीच लिहिलेलं आहे, असं समजावं. काही कार्यक्रमांना आधी नोंदणी लागते, तेवढी चौकशी मात्र करावी.

आणि एक विनंती. व्याख्यान संपल्यावर वक्ते विचारतात, ‘कोणाचे काही प्रश्न?’ तेव्हा पहिल्या रांगेतले चार-दोन हात वर होतात आणि बाकीचे लोक चपला शोधू लागतात. श्रोतेहो, तेवढी पाच मिनिटं थांबा. घरून निघतानाच एक प्रश्न कागदावर लिहून घ्या, सोबतच्या मुलालाही एक लिहायला सांगा, आणि हात वर करून तो विचारा. ही विद्यापीठं आपल्याच करातून चालतात. तिथे प्रश्न विचारण्याचा हक्क प्रवेश घेतलेल्यांइतकाच आपलाही आहे.