हळहळून झाल्यावर

गावात एखादं बाळ दगावलं की सारी आळी हळहळते. 'उशीर झाला', 'नशीबच तसं'. ही हळहळ खोटी नसते. पण पुढच्या पावसाळ्यात तसंच दुसरं बाळ जातं आणि आपण पुन्हा तेवढेच हळहळतो.

धानाच्या बांधीचं बघा. रात्री भरलेली बांधी सकाळी रिती दिसली, तर आपला शेतकरी कपाळाला हात लावून बसत नाही. वाकून धुऱ्यावरचं गवत सारतो, खेकड्याचं बीळ हुडकतो, चिखलाचा गोळा कोंबून टाचेनं दाबतो. दुसऱ्या दिवशी परत बघून येतो, कारण खेकडा शेजारीच नवं बीळ करतो. पाण्यासाठी एवढं, मग लेकरासाठी का नाही?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत आले. एकदा घरी आणलेलं बाळ त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं. अभय बंगांनी त्या एका मरणाची कारणं मांडली, तर ती 18 निघाली! गरोदरपणातला आईचा मलेरिया, बापाची दारू, बाळाला पाजलेलं पाणचट दूध, नदीचा पूर. 18 बिळं एकदम बुजत नाहीत. पण एखादं मोठं बुजतं की! न्यूमोनिया ओळखायला त्यांनी गावच्या सुईणींच्या हाती मण्यांची पाटी दिली. दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा; मिनिटाच्या घड्याळातली वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर औषध. अक्षरओळख लागत नाही. पुढे 39 गावांतल्या बायकांनी घरोघरी नवजात बाळं सांभाळली, आणि तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

पुन्हा सांगते, कारण हे ऐकून सोडून दिलं जातं: वाईट वाटणं वेगळं, बीळ हुडकणं वेगळं. आणि हुडकताना सुनेला बोल लावू नका, बायांनो. बोल बसला की माणूस लपवतो. ताप कधी आला, दूध कधी सोडलं, मांत्रिकाकडे किती वेळ गेला, हे मग कुणीच खरं सांगत नाही.

एवढं करा: विचारायला जाल तेव्हा आधी आजीपाशी बसा. रात्रभर बाळाजवळ बहुतेक तीच जागी असते.