प्रवाह वळविणे आणि पूर्ववत् करणे

(संगणक प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शिधापत्रिकाधारकांची यादी संगणकातून बाहेर पडते तेव्हा ती पडद्यावर उमटते की फाइलीत, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु यादीच्या अखेरची दहावीस नावे भलतीकडे गेली, तर त्या कुटुंबांच्या दृष्टीने तो क्षुल्लक राहत नाही. ज्यांना प्रोग्रॅम लिहावयाचा नाही त्यांनीही म्हणून हे ऐकावे. चूक कोठे होते हे कळले, की यादी कोठून तपासावी हेही कळते.

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, युनिक्स कार्यप्रणालीच्या सहवासात घडविली. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला सामान्यतः तीन दारे आरंभीच उघडी मिळतात. शून्य क्रमांकाच्या दाराने माहिती आत येते. एक क्रमांकाच्या दाराने निष्पत्ती बाहेर जाते. हेच स्टँडर्ड आउटपुट. दोन क्रमांकाचे दार चुकांच्या सूचनांसाठी आहे. हे तिसरे दार आरंभी नव्हते. अक्षरजुळणीच्या यंत्रावर मजकुराऐवजी चुकांच्या सूचनाच सुबक छापून येऊ लागल्या, तेव्हा ते वेगळे काढण्यात आले, असे सांगतात.

‘प्रिंटएफ’ ही आज्ञा एक क्रमांकाच्या दारापर्यंत मजकूर नेते. दारापलीकडे पडदा आहे की फाइल, याची तिला फिकीर नसते. म्हणूनच प्रवाह वळविता येतो. संपूर्ण प्रोग्रॅमचा प्रवाह वळवावयाचा असेल, तर तो चालविणाऱ्यानेच वळवावा; त्यात काहीच कठीण नाही. कठीण आहे ते मध्येच वळवून पुन्हा पूर्वस्थितीस आणणे.

त्यासाठी पुष्कळजण ‘एफरीओपन’ वापरतात. १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकात ही आज्ञा आहे, आणि जाण्याचा रस्ता ती उत्तम दाखविते. परतीचा मात्र दाखवीत नाही. नवी फाइल उघडण्यापूर्वी ती जुना मार्ग बंद करते. फाइल उघडलीच नाही, तर दोन्ही हातचे जाते. शेवटी पडद्याचे नाव देऊन तो पुन्हा उघडावा, असा तोडगा काहीजण सुचवितात. पण मूळ प्रवाह पडद्याकडेच होता, हे कशावरून? तो कदाचित दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जात असेल. मग आपण पूर्ववत् केले नाही, तर तिसरीकडेच वळविले.

योग्य रीत अशी. प्रथम ‘एफफ्लश’ने साचलेला मजकूर बाहेर काढावा. मग ‘डप’ या आज्ञेने एक क्रमांकाच्या दाराची नक्कल करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. फाइल उघडावी आणि ‘डपटू’ने तिला एक क्रमांकावर बसवावे. काम संपताच पुन्हा ‘एफफ्लश’ करावे, जपलेली नक्कल ‘डपटू’ने मूळ जागी आणावी आणि नंतर ती नक्कल बंद करावी. प्रत्येक पायरीस आज्ञा सफल झाली की नाही, हे पाहावे. ‘डप’ व ‘डपटू’ सी भाषेच्या प्रमाणकातील नव्हेत, युनिक्सच्या वळणातील आहेत. विंडोजवर त्यांची जुळी भावंडे मिळतात.

यात दुसऱ्या ‘एफफ्लश’चा विसर सर्वांत घातक. शेतकरी मंडळींना हे चटकन समजेल. पाटाचे पाणी एका वाफ्याकडे चालले असता दार मोडले, तर पाटात असलेले पाणी नव्या वाफ्यात शिरते. येथे पाट म्हणजे बफर. ‘प्रिंटएफ’ने लिहिलेले थेट दाराबाहेर जात नाही, आधी बफरमध्ये साचते. बफर रिकामा न करता दार फिरविले, तर यादीची शेवटची नावे फाइलीत न पडता पडद्यावर पडतात, आणि फाइल वरवर पाहता पूर्णच दिसते!

ही चूक चाचणीत सापडतेच असे नाही. पडद्याकडे जाणारा बफर सहसा ओळ पुरी होताच रिकामा होतो; फाइलीकडे जाणारा पूर्ण भरेपर्यंत थांबतो. यांपैकी कोणती पद्धत लागू व्हावी, हे बहुधा पहिल्या लेखनाच्या वेळी ठरते. प्रोग्रॅमने आरंभी पडद्यावर एखादी ओळ लिहिली असेल, तर पुढे दार फाइलीकडे वळविले तरी जुनीच सवय टिकते आणि सारे सुरळीत दिसते. तोच प्रोग्रॅम रात्री आपोआप चालविला, पडदा समोर नसला, की शेपूट तुटते. म्हणून यादी तपासणाऱ्याने पहिले पान पाहून समाधान मानू नये. शेवटची नावे मूळ नोंदवहीशी ताडून पाहावीत.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर आपणच लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये दार फिरविण्याची गरज क्वचितच असते. यादीसाठी स्वतंत्र फाइल उघडून ‘एफप्रिंटएफ’ने तीत लिहावे, स्टँडर्ड आउटपुटला हात लावू नये. वळविण्याची खटपट दुसऱ्याने लिहिलेल्या, आपल्याला बदलता न येणाऱ्या भागासाठी राखावी. ती गावागणिक पुनःपुन्हा करावयाची असेल, तर प्रत्येक वेळची नक्कल बंद करण्यास विसरू नये. अनेक लिनक्स यंत्रांवर एका प्रोग्रॅमला एका वेळी १०२४ दारांचीच मूळ मुभा असते. ती संपली की पुढच्या गावाची फाइल उघडतच नाही.