विसरणे हा गुन्हा नव्हे
(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



गेल्या वर्षी दहावीची एक मुलगी मला म्हणाली, "सर, रात्री पाठ केलेलं सकाळी आठवत नाही. मला डोकंच नाही. शाळा सोडते." याच समजापायी आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुलांनी पुस्तक कायमचे मिटले आहे. म्हणून आज मी विसरण्याविषयी बोलणार आहे.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या त्याने पाठ केल्या. काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे मोजले आणि १८८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचले, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. एवढ्या मोठ्या विद्वानाची ही गत, तर आपण का खचावे?

यातून दोन गोष्टी कळतात. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच जास्त असतो, पुढे तो मंदावतो. आणि महिन्याने जे पूर्ण विसरलो असे वाटते, तेही सगळे पुसलेले नसते. दुसऱ्यांदा पाठ करणे सोपे जाते.

स्मृतीची तीन कामे आहेत: नोंद करणे, जपणे आणि वेळेवर काढून देणे. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, कारण ठेवताना मन दुसरीकडे होते; नोंदच झाली नाही. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते, तेव्हा नोंद असते, फक्त सापडत नाही. दोन्ही गोष्टी सर्वांनाच होतात. मात्र घरातील वडीलधारे रोजचा रस्ता चुकू लागले, किंवा हातातली किल्ली कशाची हेच त्यांना उमजेना, तर वयाला दोष देऊन थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता उपाय. रोडिगर व कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, तो मिटून, आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र पारडे फिरले: त्यांना ४२ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

तेव्हा मित्रांनो, पुस्तक मिटा आणि आठवा. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा आठवा. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका. शिकलेले झोपेत पक्के होते.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले होते. ती रोज पुस्तक मिटून आईला धडा सांगू लागली. आईला वाचता येत नव्हते, पण ती ऐकत होती, आणि मुलगी अडली की "पुढं काय?" म्हणून विचारत होती. मुलगी दहावी पास झाली. डोके तिला होतेच. धीर हवा होता. तो धीर आपण आपल्या मुलांना देऊ या.