कॉलेजच्या मागचं सामान कुणाचं?

आज बचत किंवा कर्जाबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते सरकारी आयटीआय आणि कॉलेजांच्या मागच्या बाजूला पडलेल्या सामानाबद्दल.

तुम्ही पाहिलं असेल. पत्र्याच्या शेडखाली मोडकी बाकं, गंजलेली लेथ यंत्रं, जुने पंखे आणि पायाची शिवणयंत्रं वर्षानुवर्षं एकावर एक पडलेली असतात. जाता-येता आपण म्हणतो, “बाई, सडून चाललंय. त्यापेक्षा गरजू बायकांना का देऊन टाकत नाहीत?”

आमच्या प्रभागातल्या तीन गटांनीही हेच म्हटलं. त्यांना शिवणकाम सुरू करायचं होतं. आम्ही सगळ्या मिळून प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, “ताई, मला द्यायला आवडेल, पण ते माझ्या हातात नाही.” तेव्हा आम्हाला ही टाळाटाळ वाटली. नियम समजून घेतल्यावर कळलं, की सर खरं बोलत होते.

आपल्या गटाची पेटी, सतरंजी, कुलूप यांची वहीत नोंद असते ना? तशी सरकारी संस्थेत जडवस्तू संग्रह नोंदवही असते. कॉलेजात तिला सगळे ‘डेडस्टॉक’ म्हणतात. वस्तू कधी घेतली, केवढ्याला घेतली, किती नग आहेत, हे तिच्यात लिहिलेलं असतं. वस्तू मोडली तरी ती वहीत राहतेच. वहीतून ती काढायला वरिष्ठांची लेखी मंजुरी लागते. याला निर्लेखन म्हणतात. निर्लेखनाशिवाय एक खुर्चीसुद्धा बाहेर गेली, तर नोंदवही सांभाळणाऱ्याला जाब द्यावा लागतो. म्हणून कुणी हात लावत नाही आणि सामान पावसात पडून राहतं.

हे काम पायरीपायरीने होतं. आधी वस्तूंची प्रत्यक्ष मोजणी होते. मग समिती बसते आणि कोणती वस्तू दुरुस्त होईल, कोणती निरुपयोगी, कोणती कालबाह्य, ते कारणासह लिहिते. दुरुस्तीचा खर्च परवडतो का, तेही पाहिलं जातं. मग मंजुरी येते. त्यानंतर सामानाची हातची किंमत ठरते, म्हणजे त्याच्या खाली विकायचं नाही अशी किंमत. मग लिलाव होतो, नाहीतर बंद लखोट्यातून दर मागवतात. हल्ली पुष्कळ ठिकाणी ऑनलाइन लिलाव होतो. सरकारी संस्थेत आलेले पैसे चलनाने सरकारी तिजोरीत जमा होतात.

राज्य सरकारच्या संस्थांना मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि महाराष्ट्र आकस्मिक खर्च नियम, १९६५ लागू आहेत. केंद्र सरकारच्या संस्थांना सामान्य वित्तीय नियम, २०१७ आहेत. त्यांत असं आहे, की सामानाची अंदाजे किंमत २ लाख रुपयांच्या वर असेल, तर जाहिरात देऊन निविदा किंवा जाहीर लिलावच करायचा. लिलावात सर्वात मोठी बोली मान्य झाली, की किमान २५ टक्के रक्कम जागेवर भरून घ्यायची आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय माल सोडायचा नाही. विद्यापीठं आणि अनुदानित खाजगी कॉलेजं यांची पद्धत थोडी वेगळी असते. पण मुख्यतः केंद्राच्या अनुदानातून घेतलेली वस्तू रीतसर निरुपयोगी किंवा कालबाह्य ठरलेली नसताना विकायची असेल, तर अनुदान देणाऱ्याची आधी परवानगी लागते.

आता पुढचा प्रश्न. लिलावात आपण उतरू शकतो का? नोटिशीतल्या अटी पूर्ण होत असतील, तर उतरू शकतो. आमच्या गटांपुढे अडचण वेगळी होती. लेथ, बाकं, पंखे आणि शिवणयंत्रं असा सगळ्याचा एकच लॉट केला होता. त्याची बयाणा रक्कमच तिन्ही गटांना मिळून झेपणारी नव्हती. असा मोठा लॉट भंगारवालाच घेऊ शकतो आणि तो लोखंडाच्या वजनाने भाव लावतो. शिवणयंत्र चालू असो की बंद, त्याला सारखंच.

त्या लिलावात बोली हातच्या किमतीपर्यंत पोचली नाही, म्हणून तो रद्द झाला. तेव्हा आम्ही लेखी अर्ज दिला की शिवणयंत्रांचा लॉट वेगळा करावा. यंत्र म्हणून विकलं तर लोखंडापेक्षा जास्त पैसे सरकारलाच मिळतील, हे कारण लिहिलं. सवलत मागितली नाही. अर्ज मान्य झाला. पुढच्या वेळी पाच यंत्रं गटांनी बोली लावून घेतली. दोघींचे सुटे भाग काढून तीन यंत्रं चालू केली. आज त्यांवर शाळेचे गणवेश शिवले जातात.

तुम्हाला उतरायचं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. गटाचा ठराव, पॅन आणि बँक पासबुक तयार ठेवा. नोटीस पूर्ण वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर मिळतो, नंतर तक्रार चालत नाही. म्हणून पाहणीच्या दिवशी गावातला मिस्त्री सोबत न्या. बोली लावण्याआधी कर, टेम्पो, हमाली आणि दुरुस्ती मिळून हिशोब करा. ठरलेल्या मुदतीत माल उचलला नाही, तर भरलेले पैसे बुडू शकतात.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. जुने संगणक, प्रिंटर हे ई-कचरा आहेत. ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. अशी उपकरणं मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या संस्थांनी हा कचरा नोंदणीकृत उत्पादक, पुनर्वापर किंवा दुरुस्ती करणाऱ्यांकडेच द्यायचा असतो. तांब्यासाठी वायरी अंगणात जाळू नका. तो धूर विषारी आहे. लेकरं आसपास असतात.

आणि आपल्याला काही विकत घ्यायचं नसलं, तरी विचारायला हवं. ज्या खोलीत भंगार भरलंय, त्या खोलीत आपल्याच मुलींचा वर्ग भरू शकला असता. शिवाय थोड्या दुरुस्तीने चालणारं यंत्र भंगार म्हणून गेलं, तर शिकणाऱ्या पोरींच्या वाट्याला एक यंत्र कमी येतं. निर्लेखनाची यादी, समितीचा अहवाल, हातची किंमत, माल कुणी केवढ्याला घेतला आणि पैसे भरल्याचं चलन, हे सगळं माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्जाला १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना तेही लागत नाहीत, फक्त पुरावा जोडायचा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं, तर अपील करता येतं.

प्राचार्यांशी भांडायला जाऊ नका. “सर, शेवटचं निर्लेखन कधी झालं?” एवढं विचारा. त्यांचंही काम पुढे सरकेल, कारण ती खोली मोकळी व्हावी असं त्यांनाही वाटत असतं.

ते सामान भंगारवाल्याचं नाही, प्राचार्यांचं नाही आणि फुकट मागायला आपलंही नाही. ते सगळ्यांच्या पैशाचं आहे. म्हणून ते वहीतून रीतसर बाहेर पडावं आणि पडेल तेव्हा आपल्यालाही कळावं. या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या जवळच्या आयटीआयच्या फलकावर लिलावाची नोटीस लागली आहे का, हे बघायला दोघींना पाठवा.